चुन्याच्या खड्ड्यातली दाढ

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, बायको म्हणते, "आता सोडा ना तो विषय." पण काही प्रकरणं सुटत नाहीत. हे त्यातलं एक. मी इथे कोणाचंही नाव लिहिणार नाही. गेलेल्याचं नाव त्याच्या आईबापांपाशी राहू द्या, आणि ज्याच्यामुळे तो गेला त्याच्या नावाने मला माझी शाई विटाळायची नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एमआयडीसी आमच्या हद्दीत, त्यामुळे गुन्हे ठरलेले. तांब्याची वायर, भंगार, मोटारी उचलून नेणं, शिफ्ट सुटल्यावर दारूच्या नशेत डोकी फोडणं, रिक्षा स्टँडवरच्या मारामाऱ्या. सकाळी हजेरी झाली, लॉकअप बघितलं, स्टेशन डायरीवर नजर फिरवली, की टेबलावर असल्याच फिर्यादी.

त्या दिवशी एका केमिकल फॅक्टरीचा मालक स्वतः फिर्याद द्यायला आला. मला तिथेच खटकलं. तांब्याच्या चोरीसाठी मालक कधी येत नसतो, तो वॉचमनला नाहीतर सुपरवायझरला पाठवतो. हा मात्र पांढऱ्या सफारीत, गाडी दारात लावून, सुपरवायझरला बरोबर घेऊन आला होता. म्हणाला, कंत्राटावरचा एक पोरगा तांब्याची कॉइल आणि पंपाचे सुटे भाग घेऊन पळालाय. दोन दिवस कामावर नाही.

"कुठला आहे?" मी विचारलं.

"इथलाच. बदलापूरच्या पुढचा, गावातला." मग खुर्चीत रेलून म्हणाला, "या लोकांचं असंच आहे साहेब. ह्यांच्या रक्तातच असतं."

सुपरवायझर मान खाली घालून उभा होता. मी गुन्हा दाखल करून घेतला, नोकराने केलेली चोरी म्हणून. फिर्याद आली की ती घ्यावीच लागते.

हवालदाराला घेऊन मी गावात गेलो. मुलगा बाविशीचा. घरी आई, बाप आणि धाकटी बहीण. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे भाताची थोडी जमीन. पंचांसमक्ष झडती घेतली. तांब्याचा तुकडाही मिळाला नाही. दारात सगळं गाव जमलं होतं. आई झडतीभर एका कोपऱ्यात उभी राहिली आणि आम्ही निघताना पुढे आली.

"सायेब, तुमी घर बगलाव. आता माजा ऐका. माजा पोर कामावर गेला तो घरी आला नाय. तुमी त्याला चोर म्हनून शोधताव, मी पोर म्हनून शोधते. शोधा, पन नीट शोधा."

बाप पडवीत बसून होता. गावातल्या भजनात त्याचा शब्द मानणारी माणसं होती. त्याने आमच्याकडे न बघता, जमलेल्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "माज्या रक्तात चोरी नाय. त्यानं चोरी केली असंल तर तो माजा पोर नाय. कुटं गावला का तिथंच ठेवा त्याला."

आठवड्याभरात बहिणीची ठरलेली सोयरीक मोडल्याचं कानावर आलं. चोराच्या घरची मुलगी नको, असा निरोप आला होता.

आम्ही मुलाचा फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. कल्याण, कर्जत, सुरतेपर्यंत चौकशी केली. पळालेला माणूस कुठेतरी दिसतोच. मित्राकडे जातो, मामाकडे जातो, पैसे संपले की घराच्या आसपास घिरट्या घालतो. हा कुठेच दिसेना. चोरीला गेलेलं तांबं उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडेही आलं नाही, आणि आमच्या भागात चोरीचं तांबं दुसरीकडे जातच नाही. चोर नाही, माल नाही. अशा वेळी चोरीवरच संशय घ्यायचा असतो.

पावसाळा सरत आला तेव्हा ठाण्यात फोन वाजला. मी स्वतः उचलला. तरुण आवाज होता.

"साहेब, तुम्ही ज्याला शोधताय ना, तो पळाला नाही. तो गेटच्या बाहेर आलाच नाही."

फोन बंद. एक्सचेंजमधून कळलं की शहाड स्टेशनजवळच्या एका एसटीडी बूथवरून तो आला होता. बूथ एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थाचं. मी विचारलं तसं ते म्हणाले, "साईं, दिन भर में कितने लोग आते हैं, किस किस को याद रखूँ? पर वो लड़का रो रहा था। इतवार को आता है, गाँव फोन करता है।"

रविवारी आम्ही साध्या कपड्यांत बूथपाशी थांबलो. म्हाताऱ्याने मानेने खूण केली, तो आला होता. नगर जिल्ह्यातला, त्याच फॅक्टरीत हेल्पर. मला बघून तो मागे फिरला, पण हवालदार त्याच्या मागेच उभा होता. त्याला चहा पाजला, गाडीत बसवलं आणि बोलू दिलं. घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे नसतात, त्याला वेळ द्यायचा असतो.

तो म्हणाला, "दुपारच्या शिफ्टला रिअ‍ॅक्टरचं झाकण उडालं साहेब. मी खाली होतो, तो वर होता. त्याची किंकाळी ऐकली मी. लगेच सुपरवायझरने आम्हाला गेटबाहेर काढलं. म्हणाला, गॅस आहे, पळा, पगारी सुट्टी. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तो तांबं घेऊन पळाला. आणि हेही सांगितलं, की ज्याला बोलायचं असेल त्याने आपला हिशेब घेऊन जावं."

"तू त्याला मेलेला बघितलंस?"

"नाही साहेब. बघितला असता तर इतके दिवस गप्प राहिलो नसतो."

आम्ही फॅक्टरीची झडती घेतली. जमीन धुतलेली, झाकण नवीन, भिंतीला ताजा रंग. सुपरवायझर पाठ केल्यासारखं एकच बोलत होता, "झाकणाचं गॅस्केट गेलं होतं. कोणी जखमी नाही." संध्याकाळी मला एका वजनदार माणसाचा फोन आला. उद्योगधंदे इथून पळवून लावायचे आहेत का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मला एक मुलगा शोधायचा आहे. फोन आपटला गेला.

मग दिवाळीनंतर चिखलोलीकडे एका प्लॉटवर बिल्डिंगचा पाया खणताना मजुरांना हाडं सापडली. तेव्हा तिकडे नवीन इमारती नुकत्याच उठायला लागल्या होत्या. बाकी सगळं माळरान. आम्ही पंच आणि फोटोग्राफर घेऊन पोचलो. खड्ड्यात चुन्याची ढेकळं आणि त्यात माणसाची हाडं. कवटीचा खणायच्या मशीनने चुरा झालेला. अंगावर कपडा नाही, बूट नाही, गळ्यात दोरा नाही, बोटात अंगठी नाही. कोणीतरी तो देह पुरण्याआधी त्याच्यावरून ओळख सोलून काढली होती.

सरकारी डॉक्टरांनी हाडं तपासून सांगितलं, पुरुष आहे, तरुण आहे, मरून काही महिने झालेत. चुन्याचं ढेकूळ हातात धरून ते म्हणाले, "लोकांना वाटतं चुन्यात हाड विरघळतं. उलट चुना पाणी शोषून घेतो. हे त्याला नष्ट करायला गेले आणि जपून ठेवलं."

त्याच संध्याकाळी मालकाचा मला फोन आला. आवाज अगदी गोड. "साहेब, चिखलोलीला काही सापडलं म्हणे. त्या बाजूला पूर्वी दफनभूमी होती, जुनी माणसं सांगतात."

मी त्याला हाडांबद्दल एक शब्दही विचारला नव्हता.

पण संशयावर आरोपपत्र उभं राहत नाही. ही हाडं त्याच मुलाची, हे सिद्ध कसं करायचं? हाडांवरून रक्तगट निघाला, तो ओ. मुलाचाही ओ, त्याच्या रक्तदानाच्या कार्डावर लिहिलेला. मी ओ, माझा हवालदार ओ. रक्तगट जुळला नाही तर माणूस वेगळा आहे एवढं ठामपणे सांगता येतं. जुळला तर तो तोच आहे असं म्हणता येत नाही. कवटीवर फोटो बसवून बघायची पद्धत होती, पण कवटीच शिल्लक नव्हती. शिल्लक होता खालचा जबडा आणि त्यात न किडलेल्या दाढा.

डॉक्टर म्हणाले, "हैदराबादला डीएनएची तपासणी करतात. दाढ पाठवा. आणि आईबापांचं रक्त."

डीएनए हा शब्द मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता, तेवढाच. वरिष्ठांकडे परवानगी मागितली. एका कंत्राटी कामगारासाठी एवढा खर्च कशाला, असं कोणीतरी विचारलंच. मी पुन्हा पत्र लिहिलं, पुन्हा जाऊन उभा राहिलो, तेव्हा परवानगी मिळाली.

मुलाच्या आईबापांना सरकारी दवाखान्यात बोलावलं. आईने काही न विचारता दंडावरून पदर सरकवला. तिचं रक्त घेऊन झालं. बाप बाकावरून उठेना.

"ज्याला मी पोर मानीत नाय त्याच्यासाठी रगत कशाला देऊ?"

मी त्याच्या शेजारी बसलो. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हटलं, "काका, सरळ सांगतो. ती हाडं तुमच्या मुलाची निघाली तर तो पळाला नव्हता. पळाला नव्हता तर चोरीही झाली नव्हती."

 तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हंजी माजा पोर मेला असंल तर तो चोर नाय."

"हो."

"आन जिता असंल तर चोर."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"मग मी देवाकडं काय मागू, सायेब?"

आईने उठून त्याची बाही वर केली. त्याने हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टर सुई टोचत होते तेव्हा तो माणूस हमसून रडत होता. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा त्या सफारीवाल्याचा गळा धरावासा वाटला. मुलगा तर त्याने घेतलाच होता. वर या बापाला अशा जागी आणून उभं केलं होतं, की आपला मुलगा मेलेला असावा अशी आशा त्याने करावी.

नमुने लाखेने सील केले, पंचनामा केला. रक्त गार राहिलं पाहिजे पण गोठता कामा नये, अशी हैदराबादहून फोनवर सूचना होती. बर्फ भरलेला थर्मास घेऊन मी आणि हवालदार रेल्वेने निघालो. हवालदाराने तो थर्मास रात्रभर मांडीवरून खाली ठेवला नाही. मोठं स्टेशन आलं की मी उतरून बर्फ शोधायचो. सोलापूरला एका रसवंतीवाल्याने बर्फ दिला आणि काय आहे विचारलं. हवालदार म्हणाला, "औषध आहे." खोटं नव्हतं ते.

प्रयोगशाळेतल्या बाई मूळच्या सोलापूरच्याच, त्यामुळे मराठीत बोलल्या. वयाने माझ्याएवढ्या. सील तपासून घेतल्यावर मी त्यांना म्हटलं, "मॅडम, उद्या कोर्टात मला उलटतपासणीला उभं राहायचंय. मला हे समजेल असं सांगा."

त्यांनी कागद पुढे ओढला.

"आपलं शरीर पेशींचं. जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्रक, आणि त्यात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे घट्ट गुंडाळलेला लांबच लांब धागा. तो डीएनए. पिळलेल्या शिडीसारखा असतो. शिडीच्या पायऱ्या चारच रसायनांच्या, आम्ही त्यांना ए, टी, जी, सी म्हणतो. ए समोर नेहमी टी, जी समोर नेहमी सी."

"चारच अक्षरं?" हवालदाराने विचारलं.

"चारच. पण ती कोणत्या क्रमाने येतात त्यावर सगळं आहे. त्या क्रमाने पेशीला कळतं, कोणतं प्रथिन बनवायचं. डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण, रक्तगट, सगळ्याच्या सूचना त्यात. आणि जोडी ठरलेली असल्याने शिडी मधून उभी फाडली तरी एका बाजूवरून दुसरी बाजू पुन्हा बनवता येते. पेशीची दुसरी पेशी होते तेव्हा हेच होतं."

"मग सगळ्यांचं वेगळं असतं?" मी विचारलं.

"बहुतेक सगळं सारखंच असतं. तुमचं, माझं, ज्याला तुम्ही पकडणार आहात त्याचं. फरक थोडासाच. काही ठिकाणी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं. आम्ही नेमक्या त्या जागा बघतो. फोटोच्या फिल्मवर त्या काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात."

हवालदाराला राहवेना. म्हणाला, "मॅडम, बाप आणि पोराचं एकच असतं ना?"

"नाही. निम्मं बापाचं, निम्मं आईचं. म्हणून तर दोघांचंही रक्त मागितलं. सख्ख्या भावांनाही एकसारखं मिळत नाही, निम्म्यात काय येईल ते दर वेळी वेगळं. हुबेहूब असतं ते फक्त एकाच गर्भाच्या दोन झालेल्या जुळ्यांचं."

"पण माणूस मेल्यावर? चुन्यात इतके महिने?"

"पेशी मरते, धागा लगेच जात नाही. ऊन, ओल, जंतू त्याचे तुकडे करतात. दाढेच्या कवचाच्या आत तो बराच काळ सांभाळला जातो. आणि रक्तातला लाल भाग मला उपयोगाचा नाही बरं का. तांबड्या पेशींना केंद्रकच नसतं. मला पांढऱ्या पेशी हव्यात. तुम्ही गार आणलंत, बरं केलंत."

परत येताना हवालदार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "साहेब, म्हणजे त्या पोराने स्वतःचं नाव दाढेत लिहून ठेवलंय."

"नाव नाही. आईबाप."

अहवाल यायला बरेच महिने लागले. लिफाफ्यात फिल्मची प्रत होती. तीन उभ्या रांगा. डावीकडे आई, उजवीकडे बाप, मध्ये दाढ. मी भिंग घेऊन बसलो. मधल्या रांगेतली एकेक पट्टी कधी डावीकडे सापडत होती, कधी उजवीकडे. एकही बेवारस उरली नाही. अहवालात लिहिलं होतं, ही दाढ ज्याची आहे तो या दोघांचा मुलगा. आणि त्यांना मुलगा एकच होता.

मी सुपरवायझरला बोलावून घेतलं. मालकाला मुद्दाम नाही. गुन्ह्यात दोघं असतील तर ज्याला झोप लागत नाही त्याला आधी बोलावायचं. हा माणूस वर्षभरात निम्मा झाला होता. त्याने खुर्चीत बसताच पाढा सुरू केला, "गॅस्केट गेलं होतं, कोणी जखमी..."

मी फिल्म त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय आहे साहेब?"

"चिखलोलीत सापडलेला मुलगा. ही त्याची आई. हा बाप."

"नाव कुठे लिहिलंय?"

"नाव तुम्ही शिल्लक ठेवलं नव्हतंत."

तो फिल्मकडे बघत राहिला. "पण आम्ही तर सगळं..." एवढं बोलून थांबला. ते 'आम्ही' खोलीत तसंच राहिलं.  हवालदाराने पंखा बंद केला. थोड्या वेळाने त्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सगळं काढून घेतलं होतं साहेब. कपडे, बूट, डबा. मालक म्हणाले, आता ह्याला देवही ओळखणार नाही."

मग तो बोलत गेला. मी लिहून घेत गेलो. तो मुलगा स्फोटात मेला नव्हता. भाजला होता, पण शुद्धीवर होता. त्याला गोडाऊनमध्ये पोत्यांवर ठेवलं. तो पाणी मागत होता. आईला निरोप द्या म्हणत होता. सुपरवायझर म्हणाला, गाडी काढू, दवाखाना जवळ आहे. मालक म्हणाला, "दवाखान्यात नेला की पोलीस येतात, फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, प्लांटला सील लागतं. ऑर्डर पाठवायची आहे. थांब जरा." गोडाऊनचं दार लावून ते दोघं ऑफिसात बसले. मालकाने चहा मागवला. अंधार पडायच्या सुमाराला आतला आवाज बंद झाला.

"तुम्ही का नाही नेलंत?" मी विचारलं. 

"नोकरी साहेब. दोन मुली आहेत."

मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. आत थांबलो असतो तर माझा हात उठला असता, आणि उद्या वकिलाने त्याच एका थपडेवर सगळी केस धुऊन टाकली असती.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण त्याने दाखवलेल्या जागी जे सापडतं ते चालतं. पंचांसमक्ष त्याने फॅक्टरीमागची बंद पडलेली टाकी दाखवली. तळाच्या गाळातून बूट निघाले आणि स्टीलचा डबा निघाला. आईने डबा ओळखला. तिने तो पदराने पुसायला घेतला, आणि मला सांगावं लागलं, "आई, पुसू नका, तो मुद्देमाल आहे." असली वाक्यं बोलायला लावते ही नोकरी.

मालकाला अटक करायला गेलो तेव्हा तो घरी नाश्त्याला बसला होता. वॉरंट वाचून म्हणाला, "एका कंत्राटी पोरासाठी एवढं? अहो, त्याच्या घरच्यांना काय हवं ते मी दिलं असतं."

"त्याला पाणी हवं होतं," मी म्हणालो.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोपर्यंत मालक जामिनावर बाहेर. सुपरवायझर माफीचा साक्षीदार झाला. आरोपीच्या वकिलाने हैदराबादच्या बाईंना विचारलं, "गावात सगळे एकमेकांचे नातलग. पट्ट्या जुळणारच. दाढ चुलत भावाची कशावरून नाही?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "चुलत भावाच्या काही पट्ट्या जुळतील. उरलेल्या कुठून आल्या हे मग मला सांगता येणार नाही. इथे एकही उरलेली नाही. जी आईत नाही ती वडिलांत आहे. हे फक्त त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत होतं."

वकील खाली बसला. ती हाडं कोणाची, यावर पुन्हा वाद झाला नाही.

पण दाढेने एवढंच सांगितलं, की मी कोणाचा. मी किती वेळ जिवंत होतो, पाणी मागत होतो, हे दाढ सांगू शकत नव्हती. ते सांगणारा एकटा सुपरवायझर, आणि तो स्वतःच गुन्ह्यात सामील. त्याच्या शब्दाला दुसरा आधार नाही, असं कोर्टाने म्हटलं. सदोष मनुष्यवधाचा आरोप टिकला नाही. हलगर्जीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं, एवढ्यावर शिक्षा झाली. अपील झालं, जामीन झाला. तो आत फार दिवस राहिला नाही. त्या जागेवर फॅक्टरी आजही चालते, पाटी फक्त बदलली आहे.

निकालाच्या आधी एक काम मी हट्टाने करून घेतलं होतं. चोरीचा गुन्हा 'तपास लागला नाही' म्हणून बंद करता आला असता. मी तो 'फिर्याद खोटी, द्वेषबुद्धीने दिलेली' असा बंद करून मागितला आणि न्यायाधीशांनी तो तसाच मंजूर केला. तो हुकूम घेऊन मी गावात गेलो. देवळासमोर माणसं गोळा केली आणि मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर माणसं एकेक करून पांगली. झडतीच्या दिवशी हीच माणसं दारातून हलत नव्हती!

निकालाच्या दिवशी आई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. अपिलासाठी लगेच जामीन मिळालेला मालक समोरून हसत वकिलाशी हात मिळवून गाडीत बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "सायेब, आमचा दोगांचा रगत घेतलाव. या मानसाचा पन घेतला व्हता का?"

"नाही आई. त्याचं कशाला?"

"बगला असता ना. याच्यात काय हाय तां दिसला असता."

  त्या प्रश्नाने मला पुढची सगळी नोकरीभर छळलं, आणि या प्रकरणाने मला जे शिकवलं ते त्या प्रश्नातच आहे. चोरी रक्तात असते, असं मालक म्हणाला होता. माझ्या रक्तात चोरी नाही, असं बाप म्हणाला होता. दोघंही चुकीचं बोलत होते. रक्त माणसाचे आईबाप सांगतं. त्याने काय केलं आणि काय करायचं नाकारलं, हे सांगत नाही. मालकाचं रक्त घेऊन हैदराबादला पाठवलं असतं तर फिल्मवर तशाच काळ्या पट्ट्या दिसल्या असत्या, माझ्यासारख्या, तुमच्यासारख्या, निम्म्या कुठल्यातरी आईच्या. बंद दाराआड पाणी मागणारा मुलगा असताना चहा मागवण्याची सूचना त्याच्या कुठल्याही पेशीत लिहिलेली नव्हती. ते त्याने स्वतः ठरवलं, खुर्चीत बसून, पूर्ण शुद्धीत. म्हणूनच माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.